पाहुणे बसतात ती भिंत

हेगमध्ये राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. डच दूतावासांत आजच्या छायाचित्रकारांची, चित्रकारांची कामं लावतात आणि त्यासाठी परराष्ट्र खात्याचा स्वतःचा कलासंग्रह आहे, हे इथे आल्यावर कळलं.

व्हिसासाठी ताटकळणाऱ्यांच्या खोलीत काय लावू, असं मला कुणी विचारलं तर मी डच छायाचित्रकार रिनेके डाइकस्ट्राची 'अल्मेरिसा' ही फोटोंची मालिका सांगेन. 1994 साली लायडनच्या निर्वासित केंद्रात तिने एका सहा वर्षांच्या बोस्नियन मुलीला खुर्चीवर बसवून फोटो काढला. पोरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मग दर थोड्या वर्षांनी पुन्हा फोटो, पुन्हा खुर्ची. पाय टेकायला लागतात, ती मोठी होते, 2008 पर्यंत आई झालेली असते. नेदरलँड्स म्हणजे काय, हे मला त्या खुर्चीत दिसतं.

म्हणूनच दिल्लीतला वाद मला लागला. डिसेंबर 2024 मध्ये साउथ ब्लॉक या सरकारी इमारतीतल्या लष्करप्रमुखांच्या दालनातून पाकिस्तानी सैन्याच्या ढाक्यातल्या शरणागतीचं चित्र काढून माणेकशॉ सेंटर या लष्कराच्याच दिल्लीतल्या सभागृहात नेलं. त्याच्या जागी 'कर्म क्षेत्र' आलं: लडाखमधलं पँगाँग सरोवर, रणगाडे, श्रीकृष्णाचा रथ, चाणक्य. माणेकशॉ सेंटरमध्ये ते जास्त लोक पाहतील, असं लष्कराने सांगितलं. त्यात तथ्य आहे. "आपली परंपरा दाखवली तर बिघडलं कुठे?" असं माझा भाऊ फोनवर म्हणाला. परंपरेला माझी ना नाही. पण त्या दालनात परदेशी सेनाधिकारी येऊन बसतात. जुन्या चित्रात पाकिस्तानी सेनापती नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करतोय, शेजारी भारताचे जनरल अरोरा बसलेत. तारीख 16 डिसेंबर 1971, शरण आलेले सुमारे 93,000. पाहुण्याला काही समजावून सांगावं लागत नाही. चाणक्य मात्र सांगावा लागतो.

अस्सल चित्राचं मोल मराठी माणसाला तरी वेगळं सांगायला नको. इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं चित्र आपण कित्येक वर्षं शिवाजी महाराजांचं म्हणून लावत होतो. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधारे महाराजांचं खरं चित्र पुढे आणलं, म्हणून ती चूक सुधारली.

ढाक्याचं चित्र त्या दालनात परत यावं. नवं समोरच्या भिंतीवर खुशाल राहू दे.