राग कोणाचा, निघतो कोणावर

बाहेरून आलेला प्रत्येक माणूस आम्हा गोंयकारांना सांगतो की तुमचं काय बाबा, तुम्ही सुशेगाद, म्हणजे एकदम निवांत. अशा माणसाला एकदा सकाळी नऊच्या सुमाराला पर्वरीतून पणजीला स्कूटरवर पाठवायला पाहिजे, उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथं जे काही चालतं ते बघून तो पुन्हा हा विषय काढणार नाही. आणि तिथं नीट लक्ष देऊन बघा, लोक सगळ्यांवर सारखे चिडत नाहीत. काळ्या नंबरप्लेटची रेंटची गाडी जरा अडखळली की मागून हॉर्न, शिव्या, काचेकडे बघून हातवारे सगळं होतं, पण तीच वाट एखाद्या मंत्र्याच्या ताफ्याने अडवली तर सगळे गपगुमान मोबाईल बघत उभे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९६८ मध्ये डूब आणि ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक गमतीदार प्रयोग छापला. सिग्नल हिरवा झाला तरी मुद्दाम गाडी हलवायची नाही आणि मागचा किती वेळाने हॉर्न मारतो ते मोजायचं. जुनाट गाडी पुढे असताना ८४ टक्के लोकांनी हॉर्न मारला, चकचकीत महागडी गाडी असताना जेमतेम निम्म्यांनी. पण मला खरी मजा पुढची वाटते, त्यांनी कॉलेजच्या मुलांना नुसतं तोंडी विचारलं की तुम्ही काय कराल, तर पोरगे म्हणाले आम्ही महागड्या गाडीला आधी हॉर्न मारू! म्हणजे मनात सगळेच शूर.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली चिडचिड जिथे तयार होते तिथे ती सहसा निघत नाही, जिथे स्वस्तात निघते तिथे निघते. ऑफिसात साहेब चार लोकांसमोर बोलतो, त्याला उलट बोललं तर बदली पार लांब काणकोणला, मग संध्याकाळी पोराच्या गणिताच्या वहीवर तुटून पडायचं. वड्याचं तेल वांग्यावर. येल विद्यापीठातल्या मंडळींनी १९३९ मध्ये यावर अख्खं पुस्तक काढलं, की वैफल्य आलं की आक्रमकपणा येतोच आणि खऱ्या कारणावर काढता आला नाही तर दुसऱ्यावर निघतो. त्यातल्याच नील मिलरने दोनच वर्षांत जरा माघार घेतली, म्हणाला दर वेळी भांडणच होईल असं नाही, माणूस आणखीही बरंच काही करतो. पटतं. काही लोक चिडत नाहीत, नुसते गप्प होतात, आणि घरच्यांना त्याचा त्रास जास्त होतो असं माझं मत आहे.

पण ऑफिसातला साहेब, ट्रॅफिक वगैरे तरी बाहेरच्या गोष्टी, नाव घेता येतं. आतल्या भांडणाचं काय? माझा एक दोस्त पेडण्याचा. मोपाचा विमानतळ आल्यापासून तिकडच्या जमिनीच्या मागे एजंट हात धुवून लागलेत. याचं वडिलोपार्जित भाट म्हणजे बागायत आहे, काजू आणि थोडे माड, वाटण्या झालेल्या नाहीत, आणि आपल्याकडच्या कायद्याने सगळ्या वारसांच्या, त्यांच्या नवराबायकोच्यासुद्धा सह्या लागतात, म्हणजे मुंबईतल्या आत्येभावाच्या बायकोपासून सगळ्यांना विचारायचं. तरी हा फोनवर रेट ऐकला की खूश, पोरीचं शिक्षण, घराचं छप्पर सगळं डोळ्यासमोर येतं. आणि कागद करायचा दिवस जवळ आला की याची झोप उडते, आजोबा आठवतात, गाववाले काय म्हणतील ते आठवतं, मग काहीतरी निमित्त काढून पुढे ढकलतो. पंधरा दिवस गेले की परत, आरे विकायला पाहिजे होती रे.

लोक म्हणतात हा धरसोड्या आहे. मला नाही वाटत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने अशा ओढाताणीचे प्रकार पाडले होते, दोन चांगल्यातून एक निवडायचं, दोन वाइटातून एक, आणि तिसरा सगळ्यात छळवादी, एकाच गोष्टीची ओढ आणि तिचीच भीती. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. वर उल्लेख केलेल्या मिलरने १९४४ मध्ये त्यात भर घातली की ध्येय जवळ येतं तशी ओढही वाढते आणि भीतीही, पण भीती जास्त वेगाने वाढते. म्हणून लांबून विकावंसं वाटतं आणि टेबलाशी पोचल्यावर पळावंसं. दोन्ही वेळा माणूस खरंच बोलत असतो! फक्त तो उभा कुठे आहे ते बदललेलं असतं.

आणि या सगळ्याची किंमत वहिनी भरते. माशाच्या हुमणात मीठ कमी, टीव्हीचा आवाज मोठा, चप्पल कुठे ठेवली, कशावरूनही सुरू. जमिनीचा विषय त्यात कधीच नसतो. त्याला कोणीतरी रील पाठवली होती, सकाळी दीर्घ श्वास घ्या आणि पॉझिटिव्ह रहा म्हणून. घेतो बिचारा श्वास. पण अडकलेली सही श्वासाने कशी सुटणार, हे त्या रीलवाल्याने सांगितलेलं नाही.

मी त्याला म्हटलं, विक नाहीतर विकू नको, पण एजंटला स्पष्ट एक तारीख दे आणि त्या आधी वहिनीला बसवून नुसतं सांग तरी की तुझ्या डोक्यात काय चाललंय. म्हणाला, सांगतो, गणपतीची चवथ झाल्यावर बघूया.