नंदुरबारच्या डॉ. वाणींचं नाव हवं होतं

वनस्पतींमधली रसायनं रोगाशी संबंधित एन्झाइम (पेशीतल्या क्रिया घडवणारी प्रथिनं) कशी रोखतात, हा लेख मनापासून आवडला. पण कॅम्प्टोथेसिन या कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्याबद्दल एवढं लिहून डॉ. मनसुख वाणींचं नावही नाही, याचं आम्हा खान्देशवाल्यांना वाईट वाटतं. १९२५ साली नंदुरबारला जन्मलेला हा माणूस! अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून हे द्रव्य वेगळं काढलं. टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषधही याच जोडीचं.

पेशीत डीएनएला चऱ्हाटासारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापाशी अडकून बसतं, जोड होऊच देत नाही. विभाजनाच्या तयारीतली पेशी तिथेच मरते.

मूळ द्रव्य रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा लघवीतून रक्त जाण्याइतका त्रास झाला आणि चाचण्या थांबल्या. रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ उजाडलं. तीस वर्षं! आणि इकडे जळगाव-धुळ्याच्या बाजारात ‘शुगर मुळासकट घालवणारा’ काढा मिळतो, तो घेऊन लोक डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतात. कृपा करून असं करू नका. काचेच्या नळीत अर्कानं एन्झाइम अडवलं म्हणजे औषध तयार झालं, असं नसतं.

पुढच्या लेखात सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाबद्दल जरूर लिहा. त्यातही कॅम्प्टोथेसिन आहे आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली आहे.