आवाजाचे हक्क फुकट?

कथा वाचून ऐकवणारे हे ऑडिओवाले हजार शब्दांच्या आत विज्ञानकथा हवी म्हणतात. दिली. नागपूरच्या झिरो माइलचा खांब रात्री सरकतो, एवढीच गोष्ट. वर अट अशी की, ती दुसरीकडे पाठवायची नाही. संत्र्याचा आंबिया बहार गेला, मृग आला, उत्तर नाही! अमेरिकेत विज्ञानकथेला शब्दामागे किमान 8 सेंट हा व्यावसायिक दर धरतात. इथं म्हणे ‘व्यासपीठ मिळतंय ना’. ऑडिओचे हक्क मात्र कायमचे त्यांचे, तेही फुकट. काऊन बे? (छापील दिवाळी अंक निदान अंक तरी पाठवतात.) आणि त्यांनी घेतलेल्या दुसऱ्या एका कथेचं वाचन कसलं! नागपुरातल्या महाल भागातला रिक्षावाला थेट पुण्याच्या सदाशिव पेठेतलं बोलतो. कथा शेवटच्या ओळीत उलटते, तर नेमकं तिथंच यांनी पार्श्वसंगीत वाढवलं. ओळ ऐकूच येत नाही!