थिऑसॉफीवरचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थिऑसॉफी (सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे, असं मानणारी विचारधारा) हा परक्यांनी काढलेला नवा धर्म, मिशनऱ्यांचाच डाव, तिथे मेलेल्यांचे आत्मे बोलावतात, ‘कर्माचं फळ भोगा’ म्हणून गरिबाला गप्प बसवतात, आणि संस्थापक बाईंची लबाडी तर पकडलीच गेली होती, असं त्यात आहे. चांगले शिकलेसवरलेले लोकही तो पाठवतायत, म्हणून हे लिहितोय.

नवा धर्म? थिऑसॉफिकल सोसायटी 1875 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी हेलेना ब्लाव्हॅट्स्की रशियन आणि कर्नल ऑल्कॉट अमेरिकन, हे खरंच आहे. पण तिथे ना प्रेषित, ना सक्तीचा ग्रंथ, ना दीक्षा. सभासदानं तीन उद्देश मानायचे: वंश, धर्म, जात, लिंग, वर्ण न बघता विश्वबंधुत्व, धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञानाचा तुलनात्मक अभ्यास, निसर्गाचे न उलगडलेले नियम आणि माणसातल्या सुप्त शक्तींचा शोध. कुणाचंही मत, खुद्द ब्लाव्हॅट्स्कींचंसुद्धा, सभासदावर बंधनकारक नाही. पुनर्जन्म न मानणाराही सभासद होऊ शकतो.

मिशनऱ्यांचा डाव म्हणणं तर उलटंच आहे. 1880 साली या दोघांनी श्रीलंकेत गॉल इथे जाहीरपणे पंचशील घेतलं, म्हणजे बौद्ध धर्म स्वीकारला. आणि 1884 साली ब्लाव्हॅट्स्कींवर सर्वांत मोठा हल्ला चढवला तो मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकानंच.

भूतविद्येचं सांगायचं तर ब्लाव्हॅट्स्कींचा प्लँचेटला विरोध होता. थिऑसॉफी माणसात सात तत्त्वं मानते: स्थूल शरीर, लिंगशरीर (सूक्ष्म शरीर), प्राण, काम (वासना), मनस (मन), बुद्धी, आत्मा. मृत्यूनंतर वरची तत्त्वं पुढे जातात, मागे उरतं ते वासनांचं टरफल. प्लँचेटच्या बैठकीत ‘बोलतं’ ते बहुतेक वेळा हेच, म्हणून त्याच्या नादी लागू नये, अशी ही शिकवण आहे.

कर्माचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. आपल्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई डोळ्यांसमोर आणा. बोटं तंबाखूनं पिवळी, मान खाली, मजुरी तुटपुंजी. ‘तुझ्या गेल्या जन्माचं फळ’ असं तिला सांगून पाठ फिरवणारा थिऑसॉफी शिकलेलाच नाही. या विचारात कर्म हा कार्यकारणाचा नियम आहे, कुणी ठोठावलेली शिक्षा नव्हे. तिला मदत न करणं हेही माझं कर्मच आहे आणि त्याचा हिशेब माझ्याच खात्यावर चढतो. मुळात सगळ्यांत एकच जीवन वाहतं, असं थिऑसॉफी मानते. मग तिचं दुःख माझ्यापासून वेगळं कसं? म्हणूनच ऑल्कॉट मद्रासमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढायला पुढे आले. गरिबाला गप्प बसवायचं असतं तर त्यांनी शाळा कशाला काढल्या असत्या?

राहिली लबाडी. अतींद्रिय घटनांची तपासणी करणाऱ्या लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चनं 1885 साली हॉजसन यांच्या अहवालात ब्लाव्हॅट्स्कींना त्यांच्या चमत्कारांबाबत लबाड ठरवलं, हे खरं आहे. पण 1986 साली त्याच सोसायटीच्या नियतकालिकात हस्ताक्षर आणि बनावट कागदपत्रांचे जाणकार व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालाची चिरफाड केली. चमत्कार खरे की खोटे, यावर वाद जरूर घाला. मात्र विश्वाच्या मुळाशी एकच अनादी तत्त्व, सृष्टीची चक्राकार गती आणि प्रत्येक जीवाचा त्या मूळ तत्त्वाशी असलेला एकपणा ही थिऑसॉफीची तीन मूळ विधानं खोडायची असतील, तर त्यांच्याशीच वाद घालावा लागेल. त्या मेसेजमध्ये यातल्या एकाचंही नाव नाही.