तंत्रज्ञ एकदाही वाकला नाही

आज सकाळी आमची ट्रेडमिल दुरुस्त करायला आलेला तंत्रज्ञ जेमतेम सात मिनिटे थांबला आणि तेवढ्या वेळात मोटारीला वीज पुरवणारा कंट्रोल बोर्ड जळाल्याचे सांगून त्याने १४,००० रुपयांचा आकडा काढला. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. या सात मिनिटांत तो एकदाही वाकला नाही. मोटारीवरचे झाकण काढले नाही, पट्ट्याखाली हात घातला नाही. पडद्यावरचा एरर कोड पाहिला आणि उभ्या उभ्या मोबाइलवर कोटेशन तयार केले. भेटीचे ५९० रुपये मात्र आधीच घेतले होते.

तक्रार एवढीच होती, की आईने पाय ठेवला की पट्टा अडखळायचा आणि थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडायचे. रिकामे असताना ते सुरळीत चालत असे. बोर्ड काय माणूस पाहून जळतो, असे त्याला तिथल्या तिथे विचारायला हवे होते. तेव्हा सुचले नाही, याचाच राग अधिक येतो आहे.

तो गेल्यावर मी प्लग काढला आणि पट्ट्याखाली मधोमध हात सरकवला. फळी खडखडीत कोरडी होती. पट्टा आणि फळी यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा थर लागतो. तो संपला की घर्षण वाढते, मोटार जास्त वीज ओढते, बोर्ड तापतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. हे पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे आणि ती पुस्तिका तीन वर्षे आमच्या कपाटात न उघडता पडून होती, हेही कबूल करतो.

सिलिकॉन तेलाची बाटली ३५० रुपयांना मिळाली. मागचे दोन्ही बोल्ट सारखेच फेरे मोजून सैल केले, फळीवर तेल सोडले, तितकेच फेरे देऊन बोल्ट पुन्हा आवळले आणि पाच मिनिटे पट्टा रिकामा फिरवला. (खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल कृपया घालू नये, पट्टा खराब होतो.) संध्याकाळी आई सलग वीस मिनिटे चालली.

बोर्ड कधीकधी खरोखरच जळतो, आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहत असल्याने तिथे आपण हात घालू नये, हे मान्य. त्या मुलाचाही आता तेवढा राग राहिलेला नाही. जाताना पाणी पिता पिता तो म्हणाला होता, की दिवसाला आठ घरे करावी लागतात. आठ घरे करणाऱ्याने वाकायचे तरी कधी? पण मग त्याला आठ घरे देणाऱ्यांनी कोटेशनवर ‘सखोल तपासणी’ असे छापू नये! केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल (यंत्रांच्या दुरुस्तीची माहिती एका जागी देणारे संकेतस्थळ) सुरू केले खरे, पण गुडघे टेकून यंत्राखाली पाहण्याची सोय त्यावर कुठून असणार?

बाटलीत निम्म्याहून अधिक तेल शिल्लक आहे. आमच्या इमारतीत ज्यांच्या ट्रेडमिलवर सध्या टॉवेल वाळत आहेत, त्यांनी ते खुशाल घेऊन जावे; बोल्ट फिरवायची ॲलन की मात्र आठवणीने परत आणून द्यावी.