फॉर्म्युला वन वगळता बाकी सारे दुय्यम? एका संदेशाचा प्रतिवाद

‘फॉर्म्युला वन हीच मोटर शर्यतींची सर्वोच्च पातळी, बाकी सर्व मालिका तिथे नापास झालेल्यांसाठी’ अशा मथळ्याचा पाच मुद्द्यांचा एक संदेश सध्या गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. फोंड्याच्या आमच्या कौटुंबिक गटात तो माझ्या भाच्याने पाठवला आणि घरातल्या दोघा थोरांनी त्याला लगेच दादही दिली. भाच्याला वाहनपरवाना नुकताच मिळाला आहे आणि संदेशातला चौथा मुद्दा नेमका त्याच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेला आहे. म्हणून हे उत्तर देणे भाग आहे.

पहिला दावा असा, की फॉर्म्युला वनची गाडी सर्वांत वेगवान आणि म्हणून ती मालिका सर्वोच्च. निव्वळ वेग मोजायचा तर हा दावा टिकत नाही. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या अंडाकृती ट्रॅकवर एरी लायंडाइकने 1996 मध्ये इंडियानापोलिस 500 या शर्यतीच्या पात्रता फेरीत सलग चार फेऱ्यांमध्ये ताशी सुमारे 381 किलोमीटरची सरासरी राखली होती. फॉर्म्युला वनमधल्या मॅक्स व्हर्स्टॅपनने 2025 मध्ये इटलीतल्या मॉन्झाला नोंदवलेल्या विक्रमी फेरीची सरासरी ताशी सुमारे 264 किलोमीटर आहे. तरीही या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. 2019 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या एकाच ट्रॅकवर फॉर्म्युला वन आणि इंडीकार ही अमेरिकी मालिका अशा दोन्ही धावल्या, तेव्हा इंडीकारच्या पात्रता फेरीत विल पॉवरला सर्वोत्तम वेळेसाठी 1 मिनिट 46 सेकंद लागले, तर फॉर्म्युला वनमध्ये व्हाल्टेरी बोटासला 1 मिनिट 32 सेकंद पुरले. वळणावळणांच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या गाडीला तोड नाही, हे यातून सिद्ध होते. परंतु हे श्रेष्ठत्व गाडीचे आहे. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः रचतो. इंडीकारमध्ये सर्वांना दल्लारा या कंपनीचीच चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वापरावी लागते. संदेशलेखक गाडीवरून एका उडीत चालकांवर पोहोचतो आणि तिथेच त्याची गल्लत होते.

कारण दुसरा दावा हाच आहे, की इतर मालिकांतले चालक नापास झालेले असतात. यावर फॉर्म्युला वन ज्या संस्थेच्या अधिकाराखाली चालते, त्या एफआयएचाच नियम पाहावा. तिच्या आंतरराष्ट्रीय क्रीडासंहितेच्या ‘एल’ परिशिष्टानुसार फॉर्म्युला वनमध्ये उतरण्यासाठी सुपर लायसन्स लागते आणि त्यासाठी 40 गुण मिळवावे लागतात. इंडीकारच्या विजेत्याला एकाच हंगामात पूर्ण 40 गुण मिळतात, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या फॉर्म्युला टू मालिकेच्या विजेत्याइतकेच. खुद्द एफआयए ज्या विजेत्याला इतके गुण देते, त्याला नापास ठरवण्याचा अधिकार या संदेशलेखकाला कोणी दिला? फॉर्म्युला वनचा दोन वेळचा विश्वविजेता फर्नांडो अलोन्सो 2019 मध्ये इंडियानापोलिस 500 साठी पात्रसुद्धा ठरला नाही. 2007 चा विश्वविजेता किमी रायकोनेन 2010 आणि 2011 मध्ये जागतिक रॅली स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याची सर्वोत्तम कामगिरी पाचव्या क्रमांकाची होती. या दोघांना कोणी कच्चे चालक म्हणणार नाही. ती कामेच वेगळी आणि तितकीच अवघड आहेत.

तिसरा मुद्दा फ्रान्समधली ल मॉंची 24 तासांची शर्यत म्हणजे निवृत्तांची सहल असल्याचा आहे. 2015 मध्ये ती जिंकणाऱ्या पोर्शच्या चमूत निको हुल्केनबर्ग होता आणि त्याच हंगामात तो फॉर्म्युला वनही खेळत होता. एवढे उत्तर पुरे.

चौथा मुद्दा मात्र केवळ चुकीचा नाही, तो जीवघेणा आहे. त्यातली वाक्ये अशी आहेत: ‘रॅलीला ट्रॅक लागत नाही. साधा रस्ता, साधी गाडी आणि हिंमत असली की पुरे. रात्री चोर्ला घाटात सराव करणारी आपली मुले रॅलीवाल्यांपेक्षा कमी नाहीत.’ जागतिक रॅलीतले वेगाचे टप्पे ज्या रस्त्यांवर होतात, ते रस्ते त्या वेळेपुरते वाहतुकीला पूर्ण बंद असतात. शर्यतीआधी चालक आणि सहचालक त्याच रस्त्यावरून मर्यादित वेगाने दोनदा जाऊन प्रत्येक वळणाची टिपणे काढतात आणि शर्यतीत सहचालक तीच टिपणे वाचत राहतो. स्पर्धकांच्या आधी रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहणारी गाडी जाते. गाडीच्या आत पोलादी पिंजरा असतो, अंगावर अग्निरोधक पोशाख आणि मानेला आधार देणारे साधन असते, डॉक्टर आणि बचावपथक सज्ज असते. एवढेच नव्हे, तर एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत खुल्या रस्त्याने जाताना याच चालकांना सामान्य वाहतुकीचे नियम पाळावे लागतात आणि ते मोडल्यास दंड होतो. हा सगळा बंदोबस्त असूनही क्रेग ब्रीनसारखा कसलेला चालक एप्रिल 2023 मध्ये क्रोएशिया रॅलीपूर्वीच्या चाचणीत मरण पावला.

आता केरीहून वर चढणारा चोर्ला घाट डोळ्यांसमोर आणावा. बेळगावची भाजी घेऊन गोव्यात उतरणारे ट्रक याच रस्त्याने येतात, पावसाळ्यात धुक्यामुळे पुढचे वळण दिसत नाही आणि वळणापलीकडे काय आहे हे सांगणारा सहचालक शेजारी बसलेला नसतो. समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाने कोणत्याही शर्यतीत नाव नोंदवलेले नसते. अशा ठिकाणी रात्री वेगाने गाडी हाकण्याला सराव म्हणणे हा गुन्ह्याला दिलेला मान आहे, आणि तो संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक थोराने हे ध्यानात घ्यावे. मुलांना रॅलीचीच ओढ असेल तर एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा स्पर्धक परवाना काढून राष्ट्रीय रॅली स्पर्धेत उतरण्याचा सरळ मार्ग खुला आहे. खर्च आहे, कष्ट आहेत, पण तिथे रस्ता वाहतुकीला बंद केलेला असतो.

पाचवा मुद्दा असा, की फॉर्म्युला वनपर्यंत न पोहोचलेल्या भारतीयाची कामगिरी मोजण्याचे कारण नाही. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आजवर दोनच भारतीय धावले, 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन आणि 2010 मध्ये करुण चंडोक, आणि त्यांचा मान मोठाच आहे. परंतु मोटर शर्यतींसाठीचा पहिला अर्जुन पुरस्कार 2019 मध्ये गौरव गिलला मिळाला, तो रॅलीतल्या कामगिरीसाठी. 2024 च्या डाकार या वाळवंटी रॅलीत मोटरसायकलींचा रॅली टू गट हरित नोहाने जिंकला. या दोघांपैकी एकानेही फॉर्म्युला वनची शर्यत कधी केलेली नाही.