‘हक्क मूळ मालकांचे’ एवढं लिहून भागत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. शेवटी ऐरोलीत नोकरी करणाऱ्या भाच्यानेही तो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे खरंय का?’ मेसेज थोडक्यात असा: नेटवर जे उघडं आहे ते सगळ्यांचं. आरत्या, कविता, शाळेची पुस्तकं, व्हिडिओ, काहीही उचला आणि ॲप काढा. ॲप फुकट ठेवा, खाली ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ लिहा. गाजलेलं नाव हवं असेल तर एखादं अक्षर बदला. प्ले स्टोअरने पास केलं की सगळं कायदेशीर. फार तर ॲप काढतील, मग दुसऱ्या खात्यावरून टाका.

मी वकील नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये बारा वर्षं ॲप बनवतोय, त्यामुळे हे नियम कामापुरते वाचावेच लागले. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण या मेसेजवर विसंबून हात पोळणार आहेत ते विशीतल्या मुलांचे.

‘नेटवर आहे ते सगळ्यांचं.’ नाही. वाचायला खुलं असणं वेगळं आणि उचलून आपल्या नावाने वाटायला मोकळं असणं वेगळं. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यानुसार लिहिलं त्या क्षणी लेखकाचा हक्क तयार होतो, नोंदणीची गरज नसते. हा हक्क लेखकाच्या हयातभर राहतो, आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून आणखी 60 वर्षं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 2010 संपलं तेव्हा त्यांचं लेखन सर्वांसाठी मोकळं झालं. कुसुमाग्रज 1999 साली गेले. त्यांच्या कवितांसाठी 2059 संपेपर्यंत परवानगी लागणार. दोघांच्याही ओळी फोनवर एका शोधात सापडतात, पण त्यावरून काहीच ठरत नाही.

आरत्यांच्या ॲपची कल्पना दर श्रावणात कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येतं, म्हणून हे नीट सांगतो. समर्थ रामदासांची आरती सतराव्या शतकातली. तिचे शब्द तुम्ही खुशाल टाइप करा. पण तिचं जे ध्वनिमुद्रण आपण मंडळात लावतो त्यावर कंपनीचा हक्क वेगळा, प्रकाशनानंतर 60 वर्षांचा. आधुनिक चाल असेल तर संगीतकाराचा वेगळा, आणि गाणाऱ्याचाही स्वतःचा हक्क असतो. तुकोबांच्या गाथेचंही तसंच. अभंग सर्वांचे, पण आजच्या अभ्यासकाने लिहिलेला अर्थ आणि टिपा त्याच्या. पुस्तकाचं पान स्कॅन करून टाकलंत तर अभंगासोबत त्याची मेहनतही उचललीत.

‘सरकारी ते जनतेचं’ हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. अमेरिकेत केंद्र सरकारच्या लेखनावर कॉपीराइट नसतो, तिथून ही समजूत आली असावी. आपल्याकडे सरकारी लेखनावरही कॉपीराइट आहे. कायदे आणि न्यायालयांचे निकाल यांना सवलत आहे, सगळ्याला नाही. बालभारतीचं पुस्तक घरात असेल तर सुरुवातीची पानं उघडून बघा. सगळे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग घेता येणार नाही, असं तिथे स्वच्छ छापलेलं असतं. पीडीएफ मोफत मिळते ती मुलांनी वाचावी म्हणून. त्यावर जाहिराती लावून कुणी कमवावं म्हणून नव्हे.

आता त्या एका ओळीकडे येतो, कारण सगळा मेसेज तिच्यावर उभा आहे. ‘सर्व हक्क मूळ मालकांचे, कॉपीराइट भंगाचा हेतू नाही.’ ही ओळ लिहिली की संरक्षण मिळतं असं मुलांना मनापासून वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. कायद्याच्या कलम 55 मध्ये अजाणतेपणी चूक करणाऱ्यासाठी थोडी सूट आहे. यावर कुणाचा हक्क आहे हे मला माहीत नव्हतं आणि तशी शंका यायला कारणही नव्हतं, हे सिद्ध केलं तर नुकसानभरपाई टळू शकते. तेव्हाही मनाई हुकूम होऊ शकतो आणि कमावलेला नफा द्यावा लागू शकतो. पण ज्याने स्वतःच्या हाताने ‘हक्क मूळ मालकांचे’ असं लिहिलं, तो ‘मला माहीत नव्हतं’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार? ती ओळ म्हणजे सही करून दिलेला कबुलीजबाब आहे. श्रेय देणं चांगलंच, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे.

‘फुकट ॲपला लागू नाही.’ कलम 63 मध्ये शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. धंद्यातल्या कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, असं तिथेच म्हटलंय. म्हणजे कमाई नसली तरी गुन्हा राहतोच, शिक्षा तेवढी सौम्य होऊ शकते. आणि खाली जाहिरातीची पट्टी फिरत असेल तर ते ॲप फुकटही नाही.

‘परवानगीशिवाय 30 सेकंदांचा तुकडा चालतो’, ‘दहा टक्के मजकूर चालतो’ असंही कानावर येतं. हे आकडे कायद्यात कुठेही नाहीत.

नावाचं प्रकरण मात्र वेगळ्या कायद्यातलं, 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातलं. तिथे कसोटी अक्षरांच्या मोजदादीची नसते. ज्याला मूळ नाव अर्धवट आठवतंय असा साधा माणूस फसेल का, हे बघतात. ‘अमृतधारा’ हे औषधाचं नाव चालू असताना ‘लक्ष्मणधारा’ आलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली ही दोन नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत असं म्हटलं. तिथे तर अर्धा शब्दच वेगळा होता! एक अक्षर बदलून काय साधणार? इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलं तरी तेच, कारण उच्चारही बघितला जातो. आपलं ॲप कशासोबत चालतं हे वर्णनात एका वाक्यात प्रामाणिकपणे सांगायला हरकत नसते. शीर्षकात आणि आयकॉनवर दुसऱ्याची ओळख चढवणं ही फसवणूक होते. विकिपीडियाचं उदाहरण लक्षात ठेवा: श्रेय देऊन आणि विकिपीडियाच्याच खुल्या परवान्याखाली मजकूर वापरता येतो, पण नाव आणि गोळ्याचं चिन्ह हे विकिमीडिया फाउंडेशनचे ट्रेडमार्क आहेत, ते मजकुरासोबत मिळत नाहीत.

‘प्ले स्टोअरने पास केलं.’ खातं उघडताना जो करार आपण न वाचता मान्य करतो, त्यात ॲपमधल्या सगळ्या गोष्टींचे हक्क माझ्याकडे आहेत अशी हमी आपणच दिलेली असते. हक्कांची जबाबदारी त्यामुळे आपल्यावरच राहते. मालकाची तक्रार आली की ॲप निघतं.

आणि ‘दुसऱ्या खात्यावरून टाका’ हा सल्ला वाचून मला खरंच राग आला. वर्तकनगरचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला यायचा. त्याच्या खात्यावर दोन ॲप होते. एक मालिकेतल्या तुकड्यांचं. दुसरं किराणा दुकानाच्या उधारीची वही, स्वतः डोकं लावून केलेलं, नौपाड्यातले तीन दुकानदार रोज वापरायचे. तक्रारी पहिल्यावर आल्या, खातं बंद झालं आणि वहीही गेली. भावाच्या नावाने उघडलेलं खातंही टिकलं नाही. नियमच तसा आहे: बंद झालेल्या माणसाने नवं खातं उघडलं तर तेही बंद होतं आणि नोंदणीचे 25 डॉलर परत मिळत नाहीत. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आता आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते.

परवानगी मागितली तर मिळते, हे या मेसेजमध्ये कुठेच नाही. मी तीनदा मागितली, दोनदा मिळाली, त्यातली एक पैसे न देता. पण तोंडी होकारावर थांबू नका, लेखी घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या पहिल्या पत्रात प्रदेश राहून गेला होता. ॲप सगळ्या देशांत चालू होतं आणि परवानगी होती फक्त भारतापुरती. चूक कळल्यावर त्या लेखिकाबाईंच्या घरी घंटाळीला पुन्हा जाऊन मी दुसऱ्या पत्रावर सही घेतली.